सदोष पट्ट्यांचा इतिहास: अमेरिकेतील सीट बेल्ट आणि चाइल्ड सीट

मोटारीच्या प्रत्येक अपघातात दोन धडका होतात. पहिली गाडीची, समोरच्या वाहनाशी किंवा झाडाशी. दुसरी क्षणार्धानंतरची, आत बसलेल्या माणसाची स्टिअरिंगशी, काचेशी किंवा पुढच्या सीटशी. सीट बेल्ट असतो तो ही दुसरी धडक टाळण्यासाठी. ताशी ५० किलोमीटरने जाणारा ७० किलो वजनाचा माणूस अर्ध्या मीटरच्या अंतरात थांबवायचा, तर सरासरी सव्वा टनाहून अधिक वजनाएवढा जोर लागतो. मांडीवरच्या दहा किलोच्या बाळासाठी हाच जोर दोनशे किलोच्या घरात जातो, म्हणून कोणतीही आई बाळाला हातांनी धरून ठेवू शकत नाही. एवढा जोर शरीराच्या कोणत्या भागावर पडू द्यायचा आणि तो पेलताना पट्टा, बकल आणि सीट टिकणार की नाही, हे दोन प्रश्न या साधनाच्या जन्मापासून त्याच्याबरोबर आहेत. सीट बेल्टने असंख्य जीव वाचवले, यात शंका नाही. पण जिथे या दोन प्रश्नांची उत्तरे चुकली, तिथे माणसे पट्टा बांधूनही जायबंदी झाली. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील अमेरिकेत या चुकांची नोंद सरकारी तक्रारींत, वैद्यकीय नियतकालिकांत आणि न्यायालयांच्या निकालांत राहिली, त्यामुळे हा इतिहास तिथे सलग वाचता येतो.

नीट बांधलेले शरीर किती सोसू शकते, हे तिथे लवकर कळले होते. हवाई दलातील डॉक्टर जॉन पॉल स्टॅप यांनी १० डिसेंबर १९५४ रोजी न्यू मेक्सिकोतील होलोमन तळावर स्वतःला रॉकेटच्या घसरगाडीत बांधून घेतले. गाडीने ताशी १,००० किलोमीटरचा वेग ओलांडला आणि दीड सेकंदाच्या आत ती थांबली. गुरुत्वाकर्षणाच्या ४६ पटींचा ताण सोसून स्टॅप जिवंत राहिले. मात्र त्यांचे खांदे, छाती आणि कंबर असे सगळेच बांधलेले होते. त्याच सुमारास मोटारींत आलेला पट्टा विमानातल्या प्रवाशाच्या पट्ट्यासारखा, फक्त कमरेवरून जाणारा होता. १९५६ साली फोर्ड कंपनीने तो जादा पैसे घेऊन देऊ केला.

कमरेचा पट्टा माणसाला गाडीबाहेर फेकला जाऊ देत नाही, पण धडकेत वरचे अर्धे शरीर चाकूच्या पात्यासारखे पुढे मिटते. पट्टा ओटीपोटाखाली, कमरेच्या हाडांवर बसला असेल तर ती हाडे भार पेलतात. तो जरा वर सरकला, किंवा माणूस त्याच्याखालून पुढे घसरला, की सगळा भार मऊ पोटावर येतो. पट्टा आणि मणका यांच्यामध्ये आतडी चिरडतात, फाटतात. कधी कमरेचा मणकाच आडवा उकलतो. मणक्याच्या अशा भंगाचे वर्णन ब्रिटिश क्ष-किरणतज्ज्ञ चान्स यांनी १९४८ सालीच केले होते आणि पुढे त्याला त्यांचेच नाव मिळाले. पट्ट्यामुळे पोटाच्या आत झालेल्या दुखापतीची नोंद १९५६ मध्ये एका शस्त्रक्रिया-नियतकालिकात आली. १९६२ मध्ये गॅरेट आणि ब्राउनस्टाइन यांनी अशा दुखापतींच्या समूहाला ‘सीट बेल्ट सिंड्रोम’ म्हटले. पोटावर पट्ट्याच्या रुंदीचा आडवा वळ दिसला तर आत काय फाटले आहे ते शोधावे, हे डॉक्टर तेव्हापासून शिकत आले. लहान मुलांना हा धोका अधिक असतो. त्यांच्या कमरेच्या हाडाचा वरचा कंगोरा पुरता वाढलेला नसतो, त्यामुळे पट्टा अडकून राहायला जागाच मिळत नाही. डोके मात्र शरीराच्या मानाने जड असते.

या दोषावरचा उपाय १९५९ सालीच तयार होता. विमानांच्या इजेक्शन सीटवर काम केलेले स्वीडिश अभियंता निल्स बोलिन यांनी व्होल्वोसाठी तीन ठिकाणी अडकणारा पट्टा बनवला. एकच सलग पट्टी कमरेवरून आणि छातीवरून जाते, आणि बकल कुल्ह्याच्या बाजूला राहते. व्होल्वोने या पेटंटचा वापर इतरांसाठी खुला ठेवला. १९६७ मध्ये बोलिन यांनी स्वीडनमधील २८,००० अपघातांचा अभ्यास मांडला आणि या पट्ट्याच्या उपयोगाबद्दल वाद उरला नाही. हा उपाय अमेरिकेतील मागच्या सीटवर पोचायला मात्र तीस वर्षे गेली. ही दिरंगाई या साऱ्या प्रकरणातली सर्वांत दुःखद गोष्ट आहे, कारण या काळात कितीतरी मुले मागच्या सीटवर बसत होती.

१९६५ मध्ये राल्फ नेडर यांचे ‘अनसेफ ॲट एनी स्पीड’ हे पुस्तक आले. त्याआधी अपघात म्हणजे चालकाची चूक, ही समजूत रूढ होती आणि गाडी बनवणाऱ्यांना ती सोयीची होती. नेडर यांनी गाडीच्या रचनेकडे बोट दाखवले. ९ सप्टेंबर १९६६ रोजी राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी वाहन सुरक्षा कायद्यावर सही केली आणि गाड्यांसाठी सक्तीची मानके ठरवण्याचा अधिकार केंद्र सरकारकडे आला. या कायद्यातून उभी राहिलेली यंत्रणा पुढे राष्ट्रीय महामार्ग वाहतूक सुरक्षा प्रशासन म्हणून ओळखली जाऊ लागली. सदोष गाड्या परत बोलावून दुरुस्त करण्याची पद्धत, म्हणजे रिकॉल, तिच्या देखरेखीखाली रुळली. (भारतात सरकारला असा आदेश देण्याचा स्पष्ट अधिकार २०१९ च्या मोटार वाहन दुरुस्ती कायद्यातील कलम ११०-अ ने मिळाला.) न्यायालयांतही वारे बदलले. १९६८ मध्ये एका केंद्रीय अपील न्यायालयाने जनरल मोटर्सविरुद्धच्या खटल्यात ठरवले, की टक्कर होणे ही गाडीच्या वापरातली अपेक्षित गोष्ट आहे. त्यामुळे टक्कर कुणामुळेही झाली असली, तरी रचनेमुळे वाढलेल्या दुखापतीची जबाबदारी उत्पादकावर येते. सदोष पट्ट्यांचे पुढचे बहुतेक खटले या तत्त्वावर उभे राहिले.

१९६८ पासून नव्या गाड्यांत पट्टे सक्तीचे झाले, पण खांद्याचा पट्टा पुढच्या सीटपुरता. मागे कमरेचा पट्टाच चालत राहिला, कारण मानक तेवढेच मागत होते. १९८६ मध्ये राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने समोरासमोरच्या २६ धडकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. कमरेच्या पट्ट्याने अनेकांचे रक्षण झाले नव्हते, आणि काही जणांना सर्वांत गंभीर किंवा प्राणघातक दुखापत खुद्द पट्ट्यानेच झाली होती. एका सरकारी मंडळाने हे लिहिणे मोठे होते. पट्टा बांधा, असा प्रचार तेव्हा देशभर चालू होता. पट्टा सक्तीचा करणारे पहिले राज्य न्यूयॉर्क, तिथला कायदा डिसेंबर १९८४ पासून लागू झाला होता. अहवालामुळे लोक पट्टा बांधणेच सोडतील, अशी भीती असूनही मंडळाने निष्कर्ष दडवले नाहीत. डिसेंबर १९८९ पासून मोटारींच्या मागच्या सीटवर कडेच्या दोन्ही जागांना खांद्याचा पट्टा सक्तीचा झाला. मधली जागा तरीही राहिली. तिच्यासाठी २००२ मध्ये वेगळा कायदा करावा लागला आणि त्याची पूर्ण अंमलबजावणी सप्टेंबर २००७ मध्ये झाली.

त्या मधल्या जागेचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात गेला. २००२ मध्ये झालेल्या एका धडकेत १९९३ सालच्या माझ्दा मिनीव्हॅनमध्ये एक कुटुंब होते. खांद्याचा पट्टा असलेले वाचले. आतल्या बाजूच्या सीटवर फक्त कमरेचा पट्टा बांधून बसलेली स्त्री मरण पावली. गाडी बनली तेव्हा केंद्रीय मानकाने त्या जागेसाठी दोन्ही प्रकारचे पट्टे चालतील असे म्हटले होते, म्हणून आमच्यावर दावाच चालू शकत नाही, असे कंपनीचे म्हणणे होते. २३ फेब्रुवारी २०११ रोजी न्यायालयाने ते फेटाळले. न्यायमूर्ती स्टीफन ब्रायर यांनी लिहिलेल्या निकालानुसार, मानकाने पर्याय दिला म्हणजे कमी सुरक्षित पर्याय निवडल्याची जबाबदारी संपत नाही. मानक म्हणजे किमान पातळी, हा विचार पट्ट्यांच्या बाबतीत इतक्या उशिरा पक्का झाला.

लहान मुलांच्या सीटची वाट याहूनही खडतर होती. १९३० च्या दशकात बाजारात आलेल्या चाइल्ड सीटचा हेतू सुरक्षा नव्हताच. मूल उंचावर बसावे, त्याला खिडकीबाहेर दिसावे आणि त्याने गाडीत धुडगूस घालू नये, एवढ्यासाठी त्या होत्या. १९६० च्या दशकात स्वीडनमध्ये बर्टिल आल्डमन यांनी मागे तोंड करून बसवायच्या सीटचा नमुना बनवला. अंतराळवीर उड्डाणाच्या वेळी पाठीवर रेलून असतात, त्यावरून त्यांना ही कल्पना सुचली होती. धडकेचा जोर बाळाच्या नाजूक मानेऐवजी संपूर्ण पाठीवर पसरतो, हे तिचे मर्म. अमेरिकेत जनरल मोटर्सने १९६९ च्या सुमारास तान्ह्या बाळांसाठी अशीच एक सीट विकायला काढली.

बाजारातल्या इतर बहुसंख्य सीट मात्र पोकळ नळ्यांच्या आणि पातळ पट्ट्यांच्या, पुढच्या सीटच्या पाठीवर आकड्याने टांगायच्या होत्या. १९७१ मध्ये अमेरिकी सरकारने चाइल्ड सीटसाठी पहिले मानक लागू केले. त्याचा क्रमांक २१३. सीट गाडीच्या पट्ट्याने बांधता आली पाहिजे, एवढे त्यात आले, पण तिची परीक्षा एका जागी ठेवून सावकाश ओढण्याची होती. खऱ्या धडकेसारखी चाचणी त्यात नव्हती. ‘कन्झ्युमर रिपोर्ट्स’ मासिक चालवणाऱ्या कन्झ्युमर्स युनियनने १९७२ मध्ये स्वतः धडक-चाचण्या घेतल्या, तेव्हा मानकात बसणाऱ्या अनेक सीट मोडल्या, सुटल्या किंवा चाचणीसाठी मुलाच्या जागी बसवलेल्या बाहुल्याला धरून ठेवू शकल्या नाहीत. सरकारमान्य म्हणून विकत घेतलेली वस्तू धडकेत टिकत नाही, हे आईबापांना एका मासिकाकडून कळले.

धडक-चाचणी मानकात यायला आणखी नऊ वर्षे लागली. १ जानेवारी १९८१ पासून प्रत्येक नमुना ताशी ४८ किलोमीटरच्या धडकेएवढा धक्का देणाऱ्या घसरगाडीवर तपासणे बंधनकारक झाले. दरम्यान टेनेसी राज्यातील बालरोगतज्ज्ञ रॉबर्ट सँडर्स यांच्या चिकाटीमुळे त्या राज्याने १९७७ मध्ये मुलांसाठी सीट सक्तीची करणारा देशातला पहिला कायदा केला. १९८५ पर्यंत सर्व राज्यांत असे कायदे झाले. सक्ती आली तशी जबाबदारीही वाढली, कारण आता आईबाप स्वतःच्या निवडीने नव्हे, तर कायद्याने ही वस्तू घेत होते. तरी मानकाच्या फटी होत्याच. मुलाला उंच बसवणाऱ्या, पोटापुढे आडवी ढाल असलेल्या बूस्टर सीट चाचणीत उतरल्या, पण प्रत्यक्ष अपघातांत लहान मुले त्या ढालीवरून पुढे वाकून जखमी झाली किंवा बाहेर फेकली गेली. कमरेच्या पट्ट्याचा जुना दोष प्लॅस्टिकच्या रूपात परत आला होता. १९९६ मध्ये अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने त्या वापरू नयेत असे सांगितले.

मोठ्यांच्या पट्ट्याला १९८० च्या दशकाच्या अखेरीस आणखी एक फाटा फुटला. लोक पट्टा बांधत नाहीत म्हणून आपोआप बांधले जाणारे पट्टे काही वर्षे आले. दार लावून गाडी सुरू केली की खांद्याचा पट्टा मोटरवर सरकत येई, कमरेचा मात्र हाताने लावायचा असे. अनेकांना वाटे, पट्टा लागला. कमरेचा पट्टा न लावता बसलेला माणूस धडकेत खाली घसरला, की खांद्याची पट्टी मानेवर येई आणि भयंकर दुखापती होत. १९९८ च्या मॉडेलपासून मोटारींत पुढच्या दोन्ही एअरबॅग सक्तीच्या झाल्या आणि हे पट्टे इतिहासजमा झाले.

पट्ट्यांच्या या दोषांत पट्टा ठरल्याप्रमाणेच वागत होता, चूक आराखड्याची होती. १९९५ चे प्रकरण वेगळे होते. तिथे पट्ट्याची मांडणी ठीक होती, पण बकलमधला प्लॅस्टिकचा एक तुकडा दगा देत होता. पट्टे ताकाता कंपनीचे होते. जपानमधील शिगा प्रांतात १९३३ मध्ये विणकामाचा कारखाना म्हणून ती सुरू झाली, पॅराशूटच्या दोऱ्या विणू लागली आणि १९६० मध्ये सीट बेल्टकडे वळली. होंडापासून निस्सानपर्यंत अनेक जपानी कंपन्यांच्या गाड्यांत तिचे पट्टे बसत. बकल सोडायचे बटण लाल रंगाचे, त्यावर दाबण्याची सूचना छापलेली, आणि ते एबीएस नावाच्या प्लॅस्टिकचे होते. हे प्लॅस्टिक उन्हातल्या अतिनील किरणांनी काळानुसार ठिसूळ होते. गाडीच्या काचेतून रोज ऊन खाणाऱ्या बटणाच्या कडा तुटत आणि तुकडे बकलच्या आत पडून यंत्रणेत अडकत. मग कधी बकल लागतच नसे. कधी लागल्यासारखे वाटे आणि सुटे. कधी ते धडकेच्या क्षणी सुटे. यातला दुसरा प्रकार सर्वांत घातक म्हणावा लागेल, कारण आपण बांधलेले नाही हे माणसाला कळतच नाही.

सरकारी चौकशी आधी होंडाच्या गाड्यांपुरती होती. दोष आराखड्याचा नाही, वापरणाऱ्यांच्या हयगयीचा आहे, असे कंपनीने सुरुवातीला सांगितले. तपास करणाऱ्यांनी एक साधी तुलना केली. होंडाच्या काही गाड्यांत दुसऱ्या कंपन्यांचे पट्टेही होते. त्या गाड्या वापरणारी माणसे तशीच होती, तरी त्या बकलांत हा बिघाड दिसत नव्हता. ग्राहकांच्या निष्काळजीपणाचा मुद्दा या तुलनेपुढे टिकला नाही. चौकशी मग ताकाताचे पट्टे असलेल्या सर्व गाड्यांपर्यंत वाढली. १९९५ मध्ये १९८६ ते १९९१ या काळात बनलेल्या, नऊ जपानी आणि दोन अमेरिकी कंपन्यांच्या ८४ लाखांहून अधिक गाड्यांसाठी रिकॉल जाहीर झाले. तोवरच्या अमेरिकी इतिहासातले ते दुसरे सर्वांत मोठे रिकॉल मानले गेले. होंडा आणि ताकाता यांना १९९० पासूनच या बिघाडाची कल्पना होती, असे चौकशीत निघाले. वेळेवर माहिती न दिल्याबद्दल दोघांना दंड झाला, प्रत्येकी ५०,००० डॉलर. पाच वर्षांच्या मौनासाठी ही रक्कम फारच किरकोळ होती.

वापरणाऱ्यावर बोट ठेवण्याची हीच तऱ्हा वीस वर्षांनी चाइल्ड सीटच्या बाबतीत दिसली. ग्राको कंपनीच्या सीटची बकले दाबूनही सुटत नाहीत, अशा तक्रारी आईबाप करत होते. मूल बाहेर काढण्यासाठी काहींना पट्टे कात्रीने कापावे लागले. गाडीला आग लागली किंवा ती पाण्यात गेली, तर याचा अर्थ काय होतो हे सांगण्याची गरज नाही. २०१२ मध्ये सरकारी चौकशी सुरू झाली. बकलमध्ये खाण्याचे कण आणि पेयांचे थेंब साचल्याने ती चिकटतात, म्हणून ती धुऊन साफ ठेवावीत, हा कंपनीचा खुलासा होता. दोन-तीन वर्षांचे मूल सीटमध्ये बसून बिस्किटे खाणार आणि दूध सांडणार, हे बकलचा आराखडा करणाऱ्याने गृहीत धरायला हवे होते, असेच कोणीही म्हणेल. फेब्रुवारी २०१४ मध्ये कंपनीने सुमारे ३७ लाख सीटसाठी बदली बकल द्यायला सुरुवात केली, पुढे काही लाखांची त्यात भर पडली. तान्ह्या बाळांच्या सीटना मात्र तिने वगळले. सरकारच्या दबावानंतर १ जुलै रोजी त्या १९ लाख सीटही आल्या आणि एकूण आकडा ६० लाखांच्या पुढे गेला. चाइल्ड सीटचे अमेरिकेतले हे सर्वांत मोठे रिकॉल. उशिराबद्दल मार्च २०१५ मध्ये कंपनीवर एक कोटी डॉलरची कारवाई झाली. त्यातले ७० लाख बालप्रवाशांच्या सुरक्षेच्या कामावर खर्च करायचे होते.

रिकॉलची नोटीस चाइल्ड सीटच्या मालकापर्यंत पोचणे गाडीपेक्षा कठीण असते. गाडीची नोंदणी सरकारदरबारी असते, सीट मात्र एका घरातून बहिणीकडे, शेजाऱ्याकडे, जुन्या वस्तूंच्या बाजारात फिरत राहते. म्हणून १९९३ पासून प्रत्येक नव्या सीटबरोबर खरेदीदाराने भरून पाठवायचे नोंदणी कार्ड देणे सक्तीचे झाले. सीट गाडीत नीट बांधली जाण्याचाही प्रश्न होता. सप्टेंबर २००२ पासून गाडीत आणि सीटवर ठरावीक कड्या व आकडे आले, तेव्हा पट्ट्याने सीट चुकीची बांधण्याचे प्रमाण घटेल ही अपेक्षा होती.

बाजूने बसणाऱ्या धडकेचा प्रश्न तेवढा उरला. २००० सालीच अमेरिकी संसदेने चाइल्ड सीटसाठी अशा धडकेच्या चाचणीचा विचार करण्यास सांगितले होते. फेब्रुवारी २०२० मध्ये ‘प्रोपब्लिका’ या शोधपत्रकारिता करणाऱ्या संस्थेने इव्हनफ्लो कंपनीच्या बूस्टर सीटच्या अंतर्गत चाचण्यांची चित्रफीत उघड केली. बाजूच्या धडकेत मुलाच्या आकाराचे बाहुले खांद्याच्या पट्ट्यातून निसटून आडवे झुकत होते, आणि तरीही कंपनीने स्वतः ठरवलेल्या कसोटीवर सीट उत्तीर्ण ठरत होती. सरकारी कसोटी नव्हतीच, म्हणून कंपनी आपली वापरत होती. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये संसदेच्या एका उपसमितीने बूस्टर बनवणाऱ्या कंपन्यांच्या जाहिरातींतील दाव्यांवर कठोर अहवाल दिला.

ताकाता तोवर उरली नव्हती. एअरबॅग फुगवणारा भाग, म्हणजे इन्फ्लेटर, फुटत असल्यामुळे २०१७ मध्ये तिचे दिवाळे निघाले आणि तिचा बहुतांश व्यवसाय २०१८ मध्ये जॉयसन सेफ्टी सिस्टीम्सकडे गेला. ऑक्टोबर २०२० मध्ये जपानमधील सीट बेल्टच्या पट्ट्यांच्या चाचणी-नोंदींत फेरफार झाल्याचा तपास चालू असल्याचे या कंपनीने जाहीर केले. चाइल्ड सीटची बाजूच्या धडकेची चाचणी अखेर जून २०२२ मध्ये मानकात आली. ‘२१३-अ’ नावाने आलेल्या या भागात सुमारे १८ किलोपर्यंतच्या मुलांच्या सीटची, ताशी ४८ किलोमीटरने बाजूवर येऊन आदळणाऱ्या गाडीच्या धक्क्याएवढ्या जोरावर परीक्षा ठरवण्यात आली.